हेमलकसा येथील शाळेचा आरंभ

जुन्या चांदा जिल्ह्यांतील सावली हें गांव खादीच्या कामामुळें प्रसिद्धीस आलें. इ. स. १९३६ मध्यें गांधी सेवा संघाचें अधिवेशन तेथें भरलें व त्यास स्वतः गांधीजी उपस्थित होते. पुढील वर्षीं, ऑक्टोबर १९३७ मध्यें, वर्धा येथें शिक्षणपरिषद भरून मुलांस सात वर्षांचें शिक्षण मातृभाषेंतून व हस्तोद्योगाच्या द्वारें द्यावें असें ठरलें. सावलीस या ठरावांतील भाषेच्या कलमाची अडचण नव्हती. तेथें मराठी चालते. परंतु सावलीहून वैनगंगा ओलांडून आग्नेयेस आलापल्लीच्या पलीकडे, भामरागडच्या अरण्यांत गेलें म्हणजे मातृभाषा कोणती हाच पहिला प्रश्न उभा राहतो. तेथील माडिया लोकांची बोली गोंडीच्या कुळांतील, म्हणजे द्राविडी. मराठीशीं तिचें नातें नाहीं, व ती लिहिण्याची परंपराहि नव्हती.

या भागांत हेमलकसा येथें, इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांच्या संगमानजीक, आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोकबिरादरी प्रकल्प स्थापिला. १९७४ मध्यें त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी हीं तेथें राहावयास आलीं, व १९७६ मध्यें शाळा निघाली. आधीं दवाखाना व मग शाळा, हा क्रम आमच्या मतें या इतिहासाचें मर्म आहे. पुण्यास १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें तेव्हां शाळा कशासाठीं असते हें पालकांस सांगावें लागलें नाहीं. उणीव होती ती चांगल्या शाळेची. हेमलकशास शाळेची गरजच कोणास वाटत नव्हती. परक्या माणसाचा लोकांस आलेला अनुभव म्हणजे चारोळीच्या बदल्यांत मीठ देऊन फसविणारा व्यापारी! अशांनीं दवाखान्याकडेहि प्रथम पाठच फिरविली. पुढें रोगी बरे होऊं लागले, आमटे पतिपत्नी माडिया बोलूं लागलीं, तेव्हां कोठें पोर यांच्या हवालीं करण्याचें धैर्य आईबापांस झालें.

तेंहि सुखासुखीं नव्हे. गुरें राखणें व धाकटीं भावंडें सांभाळणें हीं घरचीं कामें मुलांचींच. मूल शाळेंत गेलें कीं तेवढे हात कमी. शिक्षक गांवोगांव पायीं हिंडून मुलें मागत. आणलेलीं मुलेंहि कधीं कधीं जंगलांतून चालत पुन्हां घर गांठीत. पुस्तकें मराठी, शिकविणारे बहुतेक मराठी; वर्ध्यास जें तत्त्व म्हणून मान्य झालें होतें तें त्याच जुन्या मध्यप्रांताच्या या कोपऱ्यांत जवळजवळ चाळीस वर्षांनंतरहि दुर्घटच राहिलें. यांत दोष चालकांचा असें आम्हांस म्हणवत नाहीं. बाजारांत, कचेरींत व जंगलखात्याच्या नाक्यावर जो हिशेब मागावयाचा तो मराठींतच मागावा लागे. तथापि पहिल्याच दिवशीं आपली भाषा दाराबाहेर ठेवणाऱ्या सहा वर्षांच्या मुलानें काय दिलें, हेंहि जमाखर्चांत मांडलें पाहिजे.

आमटे यांनीं आपलीं मुलें दूर शहरांत धाडलीं नाहींत. तीं माडिया मुलांबरोबर याच शाळेंत शिकलीं. प्रचाराच्या शंभर व्याख्यानांनीं जें साधलें नसतें तें यानें साधलें असावें, असा आमचा तर्क आहे.

पुढील वाढ थोडक्यांत सांगतां येते. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा वेगळा जिल्हा होऊन हेमलकसा त्यांत गेलें. निवासी शाळा वाढत वाढत बारावीपर्यंत पोंचली, व विद्यार्थ्यांची संख्या सहाशेंच्या वर गेली. येथें शिकून पुढें पुण्यास कायद्याचा अभ्यास केलेले लालसू नोगोटी हे माडियांतील पहिले वकील. २०१७ मध्यें भामरागड भागांतून ते गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून गेले.