शनवार तेल्यांचा इतिहास : काही माणसांच्या वाटेने

अलिबागच्या उत्तरेला नवगाव नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीविषयी बेने इस्राएल समाजात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जाते. फार पूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेते गावाजवळ पुरली. जे वाचले त्यांचे वंशज म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल. पोथ्या, सामानसुमान सारे समुद्रात गेले. स्मरणात उरली ती शमा ही प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारची सुटी आणि खाण्यापिण्याचे काही नियम.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मी सास्तूरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या गावाचे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा मी विशीत होतो. माळवदाच्या ढिगाऱ्यातून आम्ही आधी माणसे काढली, मग भांडी, आणि कागद शेवटी. तोवर पाऊस पडून गेला होता. घरातली खतावणी, आज्याच्या हातची वंशावळ, सगळ्याचा लगदा झाला होता. कागद गेल्यावर इतिहास कशात उरतो, हा प्रश्न माझ्यापुरता तेव्हापासूनचा आहे. पदवी नाही, प्राध्यापकी नाही. या प्रश्नाच्या मागे लागून जमेल तसे वाचत आलो.

ज्यू म्हटले की आपल्याला आइन्स्टाइन आठवतो, अॅन फ्रँक आठवते. हा इतिहास आपण दूर युरोपातल्या माणसांतून शिकतो. पण याच इतिहासाचे एक पान कोकणात, आपल्याच भाषेत लिहिले गेले आहे. तेही माणसांमधूनच वाचावे लागते, कारण आरंभीच्या काळाचे कागद नाहीत.

नावांपासून सुरुवात करू. हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आमच्याकडे घाण्यावर करडई गाळत, त्यामुळे चालता घाणा दर आठवड्याला एक दिवस थांबवणे म्हणजे काय, हे मला समजते. ती कमाईवर सोडलेली तुळशी होती. आडनावे गावांवरून पडली : किहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर. चौलचे ते चेऊलकर. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा रंगवणारे नट डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे किती प्रेक्षकांना माहीत असेल? बायबलमधली नावेही मराठी झाली. इसहाकाचा इसाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी.

हा सामाजी हसाजी दिवेकर आपल्या वाटेवरचा पहिला माणूस. घाणा सोडून कंपनी सरकारच्या पलटणीत शिरलेल्या पिढीचा तो प्रतिनिधी. शिपाईगिरीतून कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत चढला आणि म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. कथा अशी की, टिपूच्या आईने त्याची जात विचारली, त्याने 'बनी इस्राएल' म्हणून सांगितले. हे नाव कुराणात आहे हे ओळखून तिने रदबदली केली आणि त्याचा जीव वाचला. कथा तोंडी आहे, तिला तेवढेच वजन द्यावे. तिच्या शेवटाला मात्र दगडी पुरावा आहे. सुटून आलेल्या सामाजीने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात 'शआर हरहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनालय बांधले. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनालयाला मशीद म्हणत, म्हणून ही 'जुनी मशीद'. समोरचा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट झाला.

वास्तू उभी राहिली, पण प्रार्थना ज्या हिब्रूत करायची ती फारच थोड्यांना येत होती. इथे इतिहासाने एक गमतीचे वळण घेतले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. त्याच हिब्रूने त्यांना स्वतःच्या ग्रंथांची कुलपे उघडून दिली. १८७४ मध्ये पुण्यात मोशे याकोब तळकर आणि आरोन दानिएल तळकर यांनी वल्हांडण सणाची पोथी, हग्गादा, हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापून काढली. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बाया लुगडी नेसलेल्या आहेत. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण अशा रीतीने पुण्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

हे काम आयुष्यभर ज्याने केले तो जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५). मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेचा तो मुख्याध्यापक होता आणि मुंबई विद्यापीठाचा हिब्रूचा परीक्षक. त्याने प्रार्थनांमागून प्रार्थना मराठीत आणल्या. याच सुमारास समाजात मराठी कीर्तनेही सुरू झाली. बाज हरिदासी कीर्तनाचा, आख्याने अब्राहाम आणि योसेफाची. कुणी हे उसनवारी म्हणेल. मला वाटते, ज्याला आपली गोष्ट आपल्या शेजाऱ्याच्या चालीत सांगता येते, तो पाहुणा राहिलेला नसतो.

तिसरा माणूस हाईम सॅम्युएल किहीमकर. याने १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८९७ मध्ये बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. वृद्धांच्या तोंडच्या कथा, रीतिरिवाज, घराणी, पलटणीतली नावे त्याने टिपून ठेवली. ग्रंथ छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षे तो कागद वाळवी, दमट हवा आणि अनास्था यांतून तगला. माझ्या आज्याच्या वंशावळीचे जे झाले, ते याचेही होऊ शकले असते. नवगावच्या फुटलेल्या गलबताची कथा आज आपल्या हाती आहे, ती बऱ्याच अंशी या माणसामुळे.

त्याच शाळेत १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. १९०५ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या होत्या. त्यांच्या समकालीन डॉ. जेरुशा झिराड. लहानपणी मोठ्या बहिणीचे दुखणे कामा इस्पितळात बरे होताना पाहून त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवून त्या परतल्या आणि १९२८ ते १९४७ त्याच कामा इस्पितळाच्या अधीक्षक राहिल्या. मुंबईत बाळंतिणी कशाने दगावतात, याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाळंतिणीला बैलगाडीत घालून तालुक्याला नेणाऱ्या भागातला मी, मला या पाहणीचे मोल कुठल्याही किताबाहून अधिक वाटते.

व्यक्तींमधून इतिहास शिकण्यात एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. ठळक नावांच्या उजेडात बाकीचे अंधारात जातात. या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता. मिश्र विवाहातल्या संततीला काळे म्हणत, त्यांच्याशी सोयरीक टाळत. तो काच सोसलेल्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत. आणखी एक गोष्ट. परंपरेनुसार डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू विद्वानाने या लोकांना ओळखले ते मासळीवरून. त्याने बायांपुढे सरमिसळ मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे वेचून रांधायला घेतले. राहबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण कथेचा रोख स्पष्ट आहे. ग्रंथ बुडाल्यावर धर्म जपला तो चुलीपाशी. राहबीचे नाव राहिले, त्या बायांची नावे राहिली नाहीत.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली : तुम्ही पुरते ज्यू कशावरून? शतकानुशतके शनिवारी घाणा थांबवणाऱ्यांना हा प्रश्न विचारला गेला. त्यांनी जेरुसलेमला धरणे धरले आणि १९६४ मध्ये इस्रायल सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. इकडे महाराष्ट्राने त्यांना २०१६ मध्ये अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

सास्तूरला परतल्यावर मी एक वही केली आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून जुन्या गावठाणातली घरे, आड, घाणे, कोणाच्या ओसरीला कोण बसे, ते लिहून घेतो. भूकंपात गेलेल्यांची नावे घरवार लिहितो, बायांची नावे माहेरच्या नावासकट. 'हे कशाला?' असे लोक विचारतात. मी किहीमकरांचे नाव सांगतो. ते कोण, असा पुढचा प्रश्न येतो, आणि मग मी नवगावच्या गलबतापासून सुरुवात करतो.