पेरूतली अळी, जंत आणि एका रुमालाची गोष्ट

"डॉक्टर, पोरानं पेरूतली अळी खाल्ली. जंत होतील का? गोळी लिहून द्या." आमच्या नगर जिल्ह्यात पेरूचा हंगाम आला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देण्याआधी या अळीचा इतिहास सांगतो.

ही अळी फळमाशीची. पिकल्या केळ्यांभोवती फिरणारी चिलटं वेगळी. ती या कुळातली नाहीत. टेफ्रिटिडी कुळातल्या या माश्या लहान पण नक्षीदार असतात: अनेकींच्या अंगावर पिवळे पट्टे, पंखांवर तपकिरी रेघा किंवा ठिपके. मादी सुईसारख्या अवयवानं फळाच्या सालीखाली अंडी घालते. म्हणून पेरू वरून चांगला दिसतो आणि आत अळ्या निघतात. वाढलेली अळी फळाबाहेर पडून मातीत कोष करते.

शंभर वर्षांपूर्वी बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास जवळ येऊ नयेत म्हणून त्यांच्या शेजाऱ्यानं रुमालाला सिट्रोनेला तेल लावलं, तर रुमालावर फळमाश्याच जमल्या! पाहिलं तर सगळे नर. हे निरीक्षण हाउलेट यांनी 1912 मध्ये प्रसिद्ध केलं आणि 1915 मध्ये माश्यांना ओढणारं द्रव्यही सांगितलं: मिथिल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. पुढे 1963 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर याच आमिषात कीटकनाशक मिसळून नर मारले गेले. नर संपल्यावर फळमाशीही संपली. आज बागेत टांगलेले फळमाशीचे सापळे त्याच रुमालाची देणगी आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या अळीपासून जंत होत नाहीत. तिचं घर फळात आणि मातीत, माणसाच्या आतड्यात नाही. चुकून पोटात गेली तर सहसा पचून जाते. पोटातले गोल जंत वेगळे. त्यांची अंडी माणसाच्या विष्ठेनं दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या हातांतून आणि भाज्यांतून येतात. त्यामुळे अळी खाल्ली म्हणून जंताची गोळी नको.

पेरू धुवा, कापून बघा, किडका-सडका असेल तर टाका. उलट्या किंवा पोटदुखी सुरू झाली तर मात्र दाखवायला या. पण एका अळीच्या भीतीनं मुलांचा पेरू बंद करू नका. त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं.