नकाशात नसलेला आड

इंजिनिअरने नवीन घराचा नकाशा आणून माजघरात पसरला, त्या दिवशी सगळे त्याच्याभोवती वाकून उभे होते. हॉल केवढा, बेडरूम किती, जिना आतून की बाहेरून. मुलगा पुण्याहून फोनवर विचारत होता, वायफायची वायर भिंतीतून जाणार ना? मी मात्र त्या निळ्या रेघांत आमचा आड शोधत होते. परसात डाव्या हाताला असलेला आड त्या कागदावर नव्हताच. त्याच्या जागी गाडीचा चौकोन काढलेला होता.

मी विचारले तेव्हा इंजिनिअर सहज म्हणाला, "वैनी, तो बुजवायचा. जुन्या घराची माती-खरमाती तिथंच जिरते. आणि त्याचे घडीव दगड पायात बसतात, तेवढाच तुमचा खर्च वाचतो." आमचे हे मान डोलवत होते. सासूबाई कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही, पण त्यांचा हात थांबला.

आमचे जुने घर शहापूरचे. आज शहापूर बेळगावात मिसळून गेले आहे, पण 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होते. गल्लीच्या या टोकाला पटवर्धनांचा अंमल आणि पलीकडे इंग्रजांचा, असे सासूबाई सांगत. घराच्या कागदांच्या पेटीत हा इतिहास थरांनी बसला आहे. तळाला मोडी, वर बाळबोध मराठी, त्यावर कानडी. संस्थान गेले, मुंबई राज्य आले. 1956 ला म्हैसूर राज्य झाले, 1973 ला त्याचेच कर्नाटक झाले. घर जागचे हलले नाही, त्याचे राज्य मात्र तीन वेळा बदलले. आणि या एवढ्या कागदांत घर बांधताना कुणी काय मागितले, कोण कशासाठी हटून बसले, याची एक ओळ नाही. लांबी, रुंदी, चतुःसीमा आणि कर्त्या पुरुषाची सही, संपले.

म्हणून घराचा इतिहास कागदात न शोधता भिंतीत शोधावा लागतो. जुने घर पाडताना तो मला दिसला. पाया आणि जोते जांभ्या दगडाचे, कारण आमच्याकडे जमीन खणली की जांभाच निघतो. दर्जा चुन्याच्या. वरचे छप्पर उतरते, कौलारू. माझे माहेर अथणीकडचे, तिथे पाऊस कमी, म्हणून घरे माळवदाची. उन्हाळ्यात आम्ही माळवदावर निजायचो. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्या पावसाळ्यात कौलांवरचा आवाज ऐकून मला झोप येत नसे. ती कौले मंगलोरी. मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी 1865 साली कौलांचा कारखाना काढला, तिथपासून ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले देशभर पसरली. आधीची नळीची कौले दर मृगाआधी शाकारावी लागत. माकड एकदा नाचून गेले की पुन्हा सगळे. मंगलोरी कौलांनी हे काम बरेच हलके केले.

मागची मोरी आणि न्हाणीघर सिमेंटचे, सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात केलेले. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. 1982 मध्ये निर्बंध थोडे सैल झाले, तोवर चार पोती सिमेंटसाठी माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवी. सासरे परमिट घेऊन आले त्या संध्याकाळी घरात शिरा केला होता म्हणे. मुलगी झाली तेव्हा केला नव्हता, हे सासूबाई हसून सांगतात, पण सांगतात दरवेळी.

या सगळ्या थरांच्या खाली आड. त्याला सन नाही, लेख नाही. आमच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 साली बांधलेली. तिच्या छतातले दगडी कमळ पाहायला लांबून लोक येतात. आठशे वर्षे झाली, भगवान नेमिनाथांचे ते घर उभे आहे. पण तो बीचिराज स्वतः कुठे राहत होता, त्याच्या घरातल्या बाईने पाणी कुठल्या आडावर गाळले, याचे काही उरले नाही.

पाणी गाळण्याचे मी मुद्दाम लिहिते, कारण भांडण त्यावरूनच झाले. वाचणाऱ्या बायकांना नवीन सांगायला नको, पण सुनांना आता सांगावे लागते. दुहेरी जाड कपड्यातून पाणी गाळायचे, एवढे सगळ्या करतात. आता तर फिल्टर आहे. पण गाळल्यावर काम अर्धेच झालेले असते. कपडा उलटा धरून त्यावर गाळलेले पाणी ओतायचे, त्यात जे सूक्ष्म जीव आले ती जिवाणी. आणि ती ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची. वरून भस्सकन ओतायची नाही. पोहरा पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायचा, मग कलता करायचा. गाळलेले पाणी चालते 48 मिनिटे, मग पुन्हा गाळणे, पुन्हा जिवाणी. सासूबाईंनी हे पन्नासएक वर्षे केले. बोअरमध्ये जिवाणी कशी सोडणार? सहा इंची पाइप तो, त्यावर झाकण. नळाला तर गाव कुठले तेही माहीत नाही.

हे मी यांना सांगितले तेव्हा हे म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण गाडी कुठं ठेवायची?"

त्या आठवड्यात मी बस्तीतल्या ग्रंथांच्या कपाटातून एक पुस्तक घरी आणले, ‘वास्तुसार’. हिंदी अनुवाद, पाने पिवळी पडलेली. मूळ ग्रंथ प्राकृतातला, लिहिणारा ठक्कुर फेरू, साल 1315. हा फेरू जैन श्रावक, दिल्लीत खिलजी सुलतानांच्या पदरी खजिन्याचे आणि टांकसाळीचे काम पाहणारा. नाणी, रत्ने, गणित यांवरही त्याने लिहिले आहे. आचार्य नाही, मुनी नाही. हिशेबाचा, वजनमापाचा माणूस. तो श्वेतांबर, आपण दिगंबर, म्हणून कपाटात पुस्तक मागच्या रांगेत होते की काय कोण जाणे. पाणी दोन्हीकडे गाळतात.

ग्रंथाचे तीन भाग: घर, मूर्ती, मंदिर. घर पहिले. आय-व्यय, नक्षत्रे, राशी यांचे गणितही भरपूर आहे. ते मी सोडून दिले, त्यात माझे मन रमत नाही. पण जमिनीची परीक्षा वाचून मी कुदळ मागवली. चोवीस अंगुळे खोल खड्डा खणायचा, म्हणजे हातभर, आणि तीच माती परत त्यात भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर कनिष्ठ. दुसरी परीक्षा पाण्याची: खड्डा भरून शंभर पावले चालून यायचे आणि पाणी किती अंगुळे उतरले ते पाहायचे. इंजिनिअर हसला नाही, हे मला आवडले. म्हणाला, "घट्ट जमीन मोकळी केली की माती फुगते, म्हणून उरते. कमी पडली तर समजायचं जमीन आधीच पोकळ. आम्ही हेच मशीननं बघतो." परसात दोन ठिकाणी खणले. पुढच्या बाजूला माती उरली. आडाजवळ घमेलेभर कमी पडली. गाडीचा चौकोन बरोबर तिथेच होता.

लाकडाबद्दल फेरू सांगतो, नांगर, घाणा, गाडी, रहाट यांचे जुने लाकूड घराला लावू नये. काटेरी झाडाचे नको, चिकाच्या झाडाचे नको, पाच उंबरांचे नको. वड, पिंपळ, उंबर ही झाडे आपण खाण्यातून वर्ज्य केली ती त्यातल्या जिवांमुळे, हे ठाऊक होते. तीच यादी गवंड्याच्या कामात भेटेल असे वाटले नव्हते. आणि बैलाच्या मानेवर आयुष्य काढलेले लाकूड निजायच्या खोलीच्या आढ्याला नको, असा मी त्याचा अर्थ लावला. सुतार म्हणेल, झिजलेले लाकूड भार घेत नाही. दोन्ही खरे असेल.

मग ती ओळ आली. मंदिर, विहीर, बारव, स्मशान, मठ, राजवाडा यांचे दगड, वीट, लाकूड घराला मोहरीएवढेही लावू नये. मी ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मोहरीएवढंही? बघ." आणि उठून आत गेल्या.

खरे सांगायचे तर पुस्तक नसते तरी मी आड बुजवू दिला नसता. पण घरात बाईने नुसते नको म्हटले की ते मन होते, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या टांकसाळीतल्या अधिकाऱ्याने नको म्हटले की ते शास्त्र होते. मी शास्त्राचा फायदा घेतला. हे म्हणाले, "त्या फेरूकडं गाडी नव्हती." मी म्हटले, "घोडा असेल की. तो काही विहिरीवर बांधत नसेल."

दुसरे भांडण पश्चिमेच्या खिडकीचे. नकाशात जेवणाची जागा मधोमध होती, चारी बाजूंनी खोल्या, दिवसा दिवा लावावा लागेल अशी. फेरूने स्वयंपाकघर आग्नेयेला आणि भोजन पश्चिमेला सांगितले आहे. का, ते मला एका आषाढात कळले. सूर्य मावळायच्या आत जेवायचे असते, आणि आमच्याकडे आषाढ-श्रावणात साडेचारलाच घर अंधारते. सगळ्यात शेवटचा उजेड घरात येतो तो पश्चिमेने. ताटात काय आहे ते दिसावे, भातात किडा-मुंगी दिसावी, तर ताट तिथेच हवे. हा माझा तर्क. पण पन्नास पावसाळे अंधाऱ्या माजघरात घाईने उरकलेली जेवणे आठवून सासूबाईंनी त्याला लगेच मान्यता दिली. "आत्ती, तुम्ही कधी बोलला नाहीत?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "विचारलं कुणी?"

इंजिनिअरने नकाशा पुन्हा काढला. जेवणाची जागा पश्चिमेला गेली, तिला चार फुटी खिडकी मिळाली, हॉल तेवढा आकसला आणि गाडी गल्लीत राहिली. पावसात भिजते, हे अजून दर जूनला एकदा बोलून दाखवतात, मी ऐकून घेते. ओट्याची उंची मी माझ्या कोपराने मापून घेतली. सासूबाईंसाठी आडाशेजारी एक बुटका कट्टा केला, बसून पाणी गाळता येईल असा. आडाला लोखंडी जाळी आणि वर कप्पी. पोहरा तांब्याचा जुनाच. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून दोर मी सोडते आणि पोहरा पाण्याला टेकला की त्या "हं" म्हणतात.

मंजुरीसाठी नकाशा महापालिकेत जायचा होता, तिथे सगळे कानडीत लागते. निघताना इंजिनिअरने पेन काढले, परसातल्या कोपऱ्यात एक लहानसा गोल काढला आणि त्यात लिहिले, ‘बावी’. मी ते अक्षर लावून वाचले आणि कागद गुंडाळून त्याच्या हातात दिला.