लाडक्या खेळाडूची अदलाबदल आणि चाहत्यांचे दुःख

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळाडूंची अदलाबदल ही नित्याची बाब आहे. मात्र १ फेब्रुवारी २०२५ रोजी रात्री उशिरा डॅलस मॅव्हरिक्स संघाने लुका डॉन्चिच या आपल्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूला लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडे सोपविल्याचे वृत्त आले आणि टेक्सास राज्यातील या शहराला मोठा धक्का बसला. वृत्त देणाऱ्या पत्रकाराच्या खात्यात कोणीतरी घुसखोरी केली असावी, असेच अनेकांना प्रथम वाटले.

काय घडले?

स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना येथे १९९९ मध्ये जन्मलेला डॉन्चिच २०१८ मध्ये डॅलसमध्ये दाखल झाला. २०२३-२४ च्या हंगामात त्याने प्रत्येक सामन्यात सरासरी ३३.९ गुण मिळविले आणि संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले. तेथे बोस्टनकडून पराभव झाला, तरी पुढील अनेक वर्षे हा संघ त्याच्याभोवतीच उभा राहील, असे चाहते गृहीत धरून होते. त्याच्या मोबदल्यात डॅलसला प्रामुख्याने अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ मधील नव्या खेळाडूंच्या निवडीतील पहिल्या फेरीचा एक हक्क मिळाला. विजेतेपदासाठी भक्कम बचाव आवश्यक असतो, असे समर्थन संघाचे महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी केले.

संमतीचा प्रश्न

एनबीएमध्ये करार संघाकडे असतो व तो दुसऱ्या संघाला देता येतो. सहसा करारात अदलाबदलीस मनाई करणारे कलम असेल तरच खेळाडूची संमती लागते आणि असे कलम फारच थोड्यांना मिळते. आयपीएलमध्ये मात्र अशा व्यवहारासाठी खेळाडूची संमती आवश्यक असते. डॉन्चिचलाही या निर्णयाची पूर्वकल्पना नव्हती. त्यामुळे तो आपल्याला सोडून गेला, असे म्हणण्याची सोय चाहत्यांना उरली नाही. त्यांचा सारा रोष व्यवस्थापनावर एकवटला.

शोक आणि संताप

व्यवहारानंतर चाहते अमेरिकन एअरलाइन्स सेंटर या क्रीडागृहाबाहेर जमले. २१ हंगाम डॅलसकडूनच खेळून २०१९ मध्ये निवृत्त झालेल्या डर्क नोविट्झकीचा पुतळा तेथे आहे. त्याच्या परिसरात फुले वाहण्यात आली, प्रतीकात्मक शवपेटीही ठेवण्यात आली. एकाच संघात संपूर्ण कारकीर्द घालविण्याची परंपरा डॉन्चिच पुढे नेईल, ही आशा मावळली होती. पुढे सामन्यांच्या वेळी हॅरिसन यांना हटविण्याच्या घोषणा घुमू लागल्या.

हे दुःख अनाठायी आहे काय? आपण ज्यांना केवळ पडद्यावर पाहतो, त्यांच्याशीही एकतर्फी जवळीक निर्माण होते, असे हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्ये मांडले होते. रॉबर्ट चालदिनी व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संघ जिंकल्यावर विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ असे अधिक वेळा म्हणतात, असे दिसून आले. संघाला ‘आपण’ म्हणणाऱ्यास त्यातील माणसाचे जाणे परके कसे वाटावे?

निरोपाचा दिवस

९ एप्रिल २०२५ रोजी डॉन्चिच प्रतिस्पर्धी म्हणून डॅलसला परतला. प्रेक्षकांच्या आसनांवर स्लोव्हेनियन भाषेत ‘सर्व गोष्टींबद्दल आभार’ अशा अर्थाचे शब्द छापलेले सदरे ठेवण्यात आले होते. त्याच्या कारकिर्दीची चित्रफीत पाहताना त्याला अश्रू आवरता आले नाहीत. त्या सामन्यात त्याने ४५ गुण केले व लेकर्सने ११२-९७ असा विजय मिळविला. आपल्याच संघाचा पराभव होत असताना प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याला दाद देत होते. व्यवहार रातोरात झाल्याने राहून गेलेला निरोप त्या दिवशी देता आला.

पुढे काय झाले?

मे २०२५ मध्ये केवळ १.८ टक्के शक्यता असताना सोडतीत डॅलसला पहिल्या निवडीचा मान मिळाला आणि जूनमध्ये संघाने १८ वर्षांच्या कूपर फ्लॅगला निवडले. तरीही रोष शमला नाही. अखेर ११ नोव्हेंबर २०२५ रोजी हॅरिसन यांना पदावरून दूर करण्यात आले.

डॅलसच्या चाहत्यांपैकी काहींनी लेकर्सचे सामने पाहण्यास प्रारंभ केला, काहींनी संघाकडे पाठ फिरविली, तर काही नव्या खेळाडूच्या स्वागतास सज्ज झाले. निष्ठा संघाशी असावी की खेळाडूशी, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. करार एका रात्रीत दुसऱ्याच्या हाती जातो. सात वर्षांत जडलेल्या लोभाचे तसे होत नाही, हे मात्र डॅलसमध्ये स्पष्ट झाले.