वृक्षशल्यचिकित्सा

उभ्या झाडाची छाटणी करणे, त्याला आधार देणे व त्याचे धोकादायक भाग उतरवणे यांचे तंत्र (→ उद्यानविद्या).

अमेरिकेत जॉन डेव्ही यांच्या ‘द ट्री डॉक्टर’ (१९०१) या पुस्तकाने या व्यवसायाला ओळख दिली. पोकळ खोड खरवडून सिमेंटने भरणे हा तेव्हाचा नेहमीचा उपाय होता. अमेरिकी वनखात्यातील ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली. जखम भरून येत नाही, झाड ती आतून भिंती उभारून कोंडते, असा सिद्धांत त्यांनी १९७७ मध्ये मांडला (→ वनस्पतिरोगविज्ञान). त्यानंतर सिमेंट मागे पडले. कापावर डांबर फासण्याची हौस मात्र अजून टिकून आहे.

फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते. कडे राखून, त्याच्या बाहेरून कापावे लागते. जड फांदीला आधी खालून खाच, मग थोडे पुढे वरून काप देतात. उरलेला खुंट शेवटी काढतात. खालची खाच नसेल, तर फांदी खोडाची साल सोलत खाली येते.

बारीक फांदीला हातकरवत पुरते. चढण्यासाठी बुटांना बांधायची काटेरी पावले फक्त तोडायच्या झाडावर चालतात, कारण ती सालीला भोके पाडतात. झाडावर करवतयंत्र वापरताना चढण्याच्या दोराबरोबर पोलादी गाभ्याचा दुसरा पट्टा बांधतात. लाकडी हातोडीने ठोकून खोड पोकळ वाजले किंवा बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या दिसल्या, तर चढण्याऐवजी पाळण्याची गाडी मागवतात.

महाराष्ट्रातील शहरांत झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते (→ नगरपालिका).