सुपरमॅन (१९७८ चित्रपटाचे पार्श्वसंगीत)

सुपरमॅन या इ.स. १९७८ मध्ये प्रदर्शित झालेल्या इंग्लिश चित्रपटाचे पार्श्वसंगीत अमेरिकन संगीतकार जॉन विल्यम्स यांनी रचले. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते विल्यम्स यांच्याच संचालनाखाली वाजविले. चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर होते. अतिमानवी नायकावरील चित्रपटांच्या संगीतात ही रचना आदर्श मानली जाते.

पार्श्वभूमी

डॉनर यांच्या द ओमेन (१९७६) या चित्रपटाचे संगीत जेरी गोल्डस्मिथ यांनी दिले होते. सुपरमॅनसाठीही प्रथम त्यांचीच निवड झाली होती; परंतु वेळापत्रक जुळू न शकल्याने हे काम विल्यम्स यांच्याकडे आले. जॉज (१९७५) आणि स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटांमुळे विल्यम्स त्या वेळी ख्यातीस पोचलेले होते. चित्रकथेतील नायकाची थट्टा न करता त्याची कथा खरी वाटावी, असा डॉनर यांचा आग्रह होता. संगीतानेही तीच भूमिका घेतली.

मुख्य धून

मुख्य धून संचलनगीताच्या धाटणीची असून सी मेजर या स्वरश्रेणीत आहे. खालच्या तंतुवाद्यांवर एक लयबद्ध आकृती सतत वाजत राहते आणि तिच्यावर ट्रम्पेट व फ्रेंच हॉर्न यांचा घोष उभा राहतो. धुनेचा आरंभ आधारस्वराच्या तीन जलद आघातांनी होतो आणि तेथून ती पाचव्या स्वरावर झेप घेते. भारतीय परिभाषेत ही झेप षड्जावरून पंचमावर जाते. हे अंतर अत्यंत सुसंवादी असल्याने धुनेला स्थैर्य व निःसंदिग्धता लाभते. धुनेतील तीन स्वरांचा एक ठळक गट ‘सुपरमॅन’ या नावाच्या तीन अवयवांशी जुळतो. संगीत जणू नायकाचे नाव उच्चारते, असे डॉनर यांनी सांगितले आहे.

अन्य धुना

क्रिप्टन ग्रहाची धून मंद्र स्वरांतून हळूहळू चढत जाऊन पितळी वाद्यांच्या भव्य घोषात परिणत होते. स्मॉलव्हिल येथील प्रसंगांत तंतुवाद्यांचा व हॉर्नचा प्रशस्त, शांत नाद आहे. त्याची तुलना एरन कोपलँड यांच्या ग्रामीण अमेरिकेचे चित्रण करणाऱ्या रचनांशी केली जाते. लेक्स लुथर व त्याच्या साथीदारांसाठी विनोदी छटेचे स्वतंत्र संचलनगीत आहे.

सुपरमॅन व लोइस लेन यांची प्रेमधून श्रेयनामावलीच्या मध्यभागीच प्रथम ऐकू येते. दोघांच्या आकाशविहाराच्या प्रसंगी तिला लेस्ली ब्रिकस यांचे शब्द जोडले आहेत. हे शब्द अभिनेत्री मार्गो किडर यांनी गायिलेले नसून लोइसच्या मनोगताप्रमाणे केवळ म्हटले आहेत.

कथेतील योजना

श्रेयनामावलीत मुख्य धून पूर्ण रूपात ऐकविली जाते. त्यानंतर मात्र ती दीर्घकाळ राखून ठेवलेली आहे. क्रिप्टनचा विनाश, बालकाचे पृथ्वीवरील आगमन आणि दत्तक पित्याचा मृत्यू या भागांत अन्य धुनांना प्राधान्य आहे. एकांतगडावरील प्रशिक्षणानंतर नायक प्रथमच आपल्या वेषात उड्डाण करतो तेव्हा घोष पुन्हा दुमदुमतो. हेलिकॉप्टर अपघाताच्या प्रसंगी क्लार्क सदरा उघडून छातीवरील चिन्ह प्रकट करतो, तेथेही हाच घोष त्याच्या आगमनाची ग्वाही देतो. वेषांतरातील संकोची क्लार्क आणि सुपरमॅन एकच आहेत, हे प्रेक्षकास ठाऊक असते. पण पात्रांना ते ठाऊक नसते. धुनेच्या या संयमित योजनेमुळे नायकाचे प्रकट होणे ही प्रत्येक वेळी एक घटना ठरते.

पुरस्कार

या संगीताला ऑस्कर पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. तथापि तो पुरस्कार मिडनाइट एक्सप्रेस या चित्रपटाच्या, जॉर्जिओ मोरोडर यांनी रचलेल्या सिंथेसायझरप्रधान संगीतास मिळाला. इ.स. १९८० मध्ये सुपरमॅनच्या संगीतास ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

प्रभाव

सुपरमॅन २ (१९८०) व सुपरमॅन ३ (१९८३) या चित्रपटांसाठी केन थॉर्न यांनी, तर चौथ्या चित्रपटासाठी (१९८७) अलेक्झांडर करेज यांनी विल्यम्स यांच्या धुनांचा उपयोग केला. सुपरमॅन रिटर्न्स (२००६) या चित्रपटात जॉन ऑटमन यांनी मुख्य धून पुन्हा वापरली. मॅन ऑफ स्टील (२०१३) साठी हान्स झिमर यांनी मात्र संपूर्णपणे नवे संगीत रचले.