उन्हाळ्याचे १२१ दिवस: गौताळ्याचा वणवा आणि हंगामी माणसं

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या भागाखाली एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, इंग्रजी सिरीजमध्ये पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत बीचवर लाइफगार्ड होतात, पार्कात काम करतात. आपल्याकडे असं काही होतं का?" आधी मला हसू आलं. मी चाळीसगावचा. मुंबईचा समुद्र आमच्यापासून रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटर. मे महिन्यात दुपारी बारानंतर आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, बीच कुठला काढता?

पण रात्री विचार करत बसलो आणि एकदम ट्यूब पेटली. आहे की! आमच्या उशालाच आहे. पाटणादेवी, धवलतीर्थ, केदारकुंड, पितळखोरा. सातमाळ्याच्या डोंगरातलं हे जंगल म्हणजे आमचं सगळ्यांचं पार्क. शाळेची सहल तिथेच, कॉलेजची पहिली बाईक ट्रिप तिथेच. आणि तिथे उन्हाळ्याची एक नोकरी आहे. फायर वॉचर. म्हणजे वणवा राखणारा माणूस.

आधी नावाची गोष्ट

१९८६ साली या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नाव पडलं गौताळा-औट्रमघाट. यातला 'औट्रम' कोण, हे मला बीटेक होईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं एखाद्या झाडाचं नाव असेल! तर तो जेम्स औट्रम, ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, पण डोंगरातले भिल्ल काही ताब्यात येईनात. शेवटी १८२५ मध्ये कंपनीने डाव बदलला. भिल्लांशी लढत बसण्याऐवजी त्यांनाच पगारावर घ्यायचं ठरलं. औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. भिल्लांच्या कारभारासाठी तीन एजन्सी काढल्या, त्यातली दक्षिणेकडची कन्नडला, म्हणजे आपल्या घाटाच्या वरच.

आता गंमत बघा. वाटा आणि घाट ज्या माणसांना पाठ होते, त्यांच्याच जोरावर इथे बंदोबस्त बसला. घाटाला नाव मात्र साहेबाचं लागलं, आणि दोनशे वर्षांनीही वन विभागाच्या पाटीवर ते आहे. त्या भिल्लांपैकी एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही.

फुकटची राखण

पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि जंगलं 'राखीव' व्हायला लागली. मग आला १९२७ चा भारतीय वन कायदा, जो आजही चालतो. त्याचं कलम ७९ वाचून मी दोनदा डोळे चोळले. त्यात म्हटलंय की, राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्याला गुरं चारायचा, लाकूड किंवा दुसरं वनोपज न्यायचा हक्क किंवा परवानगी आहे, त्याने वणव्याची खबर दिलीच पाहिजे आणि विझवायलाही गेलंच पाहिजे. मजुरीचा विषयच नाही. गाय चारायची ना? मग आग विझवायला चल.

म्हणजे वणवा विझवणं हे सुरुवातीला कायद्याच्या लेखी काम नव्हतंच, ते कर्तव्य होतं. त्याची रोजंदारी झाली ती नंतर.

हे काम असतं तरी काय?

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. आमचं जंगल पानगळीचं. अंजन, साग, सलई, पळस. फेब्रुवारीत पानं गळायला लागतात आणि मार्चपर्यंत पायाखाली वाळलेल्या पाल्याचा थर होतो. एक बिडीचं थोटूक पुरतं. सातमाळ्यात मी ज्यांच्यासोबत एक दिवस फिरलो त्यांना सगळे 'नाना' म्हणतात. तुमच्या-माझ्या आजोबांच्या वयाचे. नानांनी मला आधी जाळरेषा दाखवली. हंगाम सुरू व्हायच्या आधीच जंगलात पट्टे आखून तिथलं गवत कापतात आणि लक्ष ठेवून जाळून टाकतात. वणवा पसरत आला की त्या मोकळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही, तो तिथेच बसतो.

"आणि नाही बसला तर?" मी विचारलं.

"तर काय भाऊ, हिरवी फांदी तोडायची अन् झोडपायचं. वारा आपल्या पाठीमागून पाहिजे. वारा फिरला की फांदी टाकायची अन् पळायचं. फांदीचा मोह नाही करायचा."

मी डेटावर काम करणारा माणूस, म्हणून मी त्यांना उत्साहाने सॅटेलाइटचं सांगायला लागलो. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगीचे इशारे देते. आताच्या सेन्सरचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं आहे. पण मेसेज आग विझवतो का?"

पुढे मी तंत्रज्ञानावर बोललो नाही.

१२१ आणि २४०

आता मूळ मुद्द्यावर येतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून, दोन्ही दिवस धरून, किती दिवस होतात? मोजा. फेब्रुवारीचे १४, मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३१, जून १५. एकूण १२१.

हा आकडा लक्षात ठेवा आणि माझ्यासोबत पुण्याला चला, कारण या गोष्टीचं उत्तर तिथल्या एका टेकडीवर आहे. पाचगाव पर्वती. शहरातल्या लोकांना फिरायला, मोकळी हवा खायला म्हणून वन खात्याने तिथे उद्यान करायला घेतलं. अगदी खरंखुरं पब्लिक पार्क. तिथले मजूर पाच-सहा वर्षं कामावर होते, पण कागदावर तात्पुरतेच. कोणाचे वर्षाला १०० दिवस भरायचे, कोणाचे ३३०. ते औद्योगिक न्यायालयात गेले. सरकारचं म्हणणं, जंगल सांभाळणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, हा 'उद्योग' नाहीच, मग कामगार कायदा कसा लागू होईल? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर १९९५ मध्ये निकाल लागला आणि मजूर जिंकले. असं उद्यान उभारणं हे सार्वभौम काम नाही, आणि माणसांना कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

त्यानंतर दोनच महिन्यांत, ३१ जानेवारी १९९६ ला, महाराष्ट्र सरकारचा एक निर्णय आला. वन खात्यातल्या रोजंदारी मजुरांना कायम करायचा. अट अशी की, १ नोव्हेंबर १९९४ च्या आधीची पाच वर्षं, दर वर्षी किमान २४० दिवस काम झालेलं पाहिजे. अनेक घरांत चूल नीट पेटली त्या निर्णयाने. २०१२ मध्येही अशाच आणखी मजुरांना कायम केलं गेलं.

पण फायर वॉचरचं काय? हंगामच १२१ दिवसांचा. एकही खाडा न करता, ताप अंगावर काढून काम केलं तरी १२१. लीप वर्षात १२२! २४० च्या जेमतेम निम्मे.

मी कोडिंगवाला, म्हणून हिशोब थोडा पुढे नेला. पाच वर्षं गुणिले २४० म्हणजे १२०० दिवस. इतकं काम केलेला माणूस कायम. आता समजा कोणी फक्त उन्हाळ्यात, पण दहा उन्हाळे राखण केली. दहा गुणिले १२१ म्हणजे १२१० दिवस. काम दहा दिवसांनी जास्त, तेही वर्षातल्या सगळ्यात कठीण दिवसांत. तरी तो नापास. त्याने काम कमी केलं म्हणून नव्हे. अट वर्षाचे दिवस मोजते आणि जंगल पेटतं चारच महिने.

यात कोणी मुद्दाम वाईटपणा केला असं मला म्हणायचं नाही. मोजमापाचं एकक चुकलं की असं होतं. आमच्या क्षेत्रात याला बग म्हणतात, आणि बग शोधायला आधी कोणीतरी तक्रार करावी लागते. हंगामी माणूस १६ जूनला पेरणीच्या मागे लागतो. तो तक्रार कधी करणार?

मी तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आठ आठवड्यांची इंटर्नशिप केली होती. एसीत बसून. त्याचं सर्टिफिकेट आहे, ते माझ्या रिझ्युमेवर आजही आहे. नानांना विचारलं, तुमच्याकडे इतक्या उन्हाळ्यांचा काही कागद आहे का? त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. "हा आहे ना," म्हणाले, आणि हसले. मला हसता आलं नाही.

जुलैमध्ये जाल तेव्हा

आपण सगळे पाटणादेवीला जातो कधी? पाऊस पडल्यावर. धवलतीर्थ कोसळायला लागलं की रील काढायला. तोपर्यंत फायर वॉचरचा हंगाम संपून महिना झालेला असतो. जो हिरवा डोंगर आपण बघतो तो मे महिन्यात कोणीतरी जळू दिला नाही, आणि तो माणूस तेव्हा तिथे नसतो.

या वेळी गेलात तर धबधब्याकडे जाताना जाळरेषा कुठून गेली असेल ते शोधून बघा. पावसात त्या पट्ट्यावर नवं गवत येतं, चटकन ओळखू येत नाही.

आणि एक काम सांगतो. तुमच्या घरात, गल्लीत कोणी असं हंगामी काम केलं असेल, वणव्याचं, रोपवाटिकेचं, रोजगार हमीवर खड्डे खोदल्याचं, तर त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. किती उन्हाळे, किती मजुरी, कोण मुकादम होता, सगळं विचारा. मला व्हॉइस नोट पाठवा, पुढचा भाग त्यावरच करू. मस्टरवर त्यांची सही किंवा अंगठा असेल, पण आवाज तुमच्याकडेच मिळेल.

चला, भेटू. पाण्याची बाटली सोबत ठेवा, ऊन फार आहे.